बुजवलेला खड्डा, हरवलेली माती

कोळशाच्या उघड्या खाणीचा खड्डा बुजवून, वर गवत पेरून परत दिलेली जमीन पाहायला गेलात, तर सोबत एक पहार न्यावी. पहिली वीतभर ती सहज आत जाते. मग खण्णकन आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. वर गवत डोलत असते, रोपांच्या रांगा असतात, किती हेक्टर जमीन पूर्ववत झाली त्याचा फलक असतो. वीतभर खाली मात्र मुळांना शिरायला फट नसते आणि पावसाच्या पाण्याला मुरायला जागा नसते. पाऊस पडला की चिखल, उघडला की चार दिवसांत भेगा. सगळीच परत दिलेली जमीन अशी नसते. पण अशी जमीनही कागदोपत्री पूर्ववत झालेली असते, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

खाणीनंतर जमीन परत मिळाली की नाही, हे हिरवळीवरून ठरवणे आपण थांबवले पाहिजे. झाडे किती लावली, किती हेक्टर हिरवे झाले, उपग्रहाच्या चित्रात रंग कसा दिसतो, हे सगळे आकडे मातीच्या वरचे आहेत. हिशेब मातीचा मागायला हवा, आणि तो पहिला बुलडोझर लागण्याआधीच मागायला हवा. माती वाचणार की जाणार हे बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही महिन्यांतच ठरून जाते. नंतरचे वृक्षारोपण कितीही मनापासून केले, तरी तो निर्णय फिरवणे फार अवघड असते.

माती म्हणजे खडकाचा भुगा असे समजले, तर खाण बुजवणे हे केवळ भरावाचे काम ठरते. भुग्याला तोटा नाही. घट्ट खडक सुरुंगाने फुटला की त्याचे आकारमान साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने फुगते. पण चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते. त्या पोकळीत कधी हवा असते, कधी पाणी. बुरशीचे तंतू, मुळांचा चिकट स्राव आणि गांडुळांची विष्ठा यांनी बारीक कण एकमेकांना धरून राहतात, त्यांचे रवे बनतात आणि रव्यांच्या मधून वाटा मोकळ्या राहतात. ही घडण बनायला शेकडो, कधी हजारो वर्षे लागलेली असतात. वरचा काळसर थर, त्याखाली जड मातीचा थर, मग मुरूम, मग खडक, हा क्रमही त्या घडणीचाच भाग आहे. खाण तो क्रम उलटा करते. सगळ्यात वरचे आधी निघते आणि ढिगाऱ्याच्या तळाशी जाते. कोट्यवधी वर्षे हवेचा स्पर्श न झालेला, कोळशाला लागून असलेला खडक शेवटी निघतो आणि माथ्यावर येऊन बसतो. त्यात बी टाकणे म्हणजे फरशीवर बी टाकण्यासारखेच.

म्हणून वरची माती आधी वेगळी काढून ठेवायची, असा नियम अनेक देशांत आहे. नियम योग्य आहे. पण त्यातून असा समज रूढ झाला की मातीची रास घालून ती हवी तितकी वर्षे साठवता येते. रास उंच झाली की मीटरभर खाली हवा पोहोचेनाशी होते. गांडुळे मरतात. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पती ज्या बुरशीच्या मदतीने स्फुरद मिळवतात, ती बुरशी जिवंत मुळांवाचून क्षीण होत जाते. बियांची उगवणशक्ती संपते. आत अमोनियम, म्हणजे नत्राचे एक रूप, साठत राहतो. काही वर्षांनी ती माती पसरली की तिला एकदम हवा लागते, अमोनियमचे भराभर नायट्रेट होते, आणि त्यातले पुष्कळसे पहिल्या जोरदार पावसांत वाहून किंवा झिरपून जाते. त्या वर्षी गवत तरारून येते. पाहणाऱ्याला वाटते, जमीन जिवंत झाली. प्रत्यक्षात ती साठवलेली शिदोरी एका हंगामात खाऊन बसलेली असते.

यापेक्षा चांगला मार्ग माहीत आहे आणि तो अवघडही नाही: जमेल तिथे रास घालूच नये. खाण एका बाजूला पुढे सरकते तशी मागची बाजू भरत येते. पुढच्या पट्ट्यावरची माती उचलायची आणि लगेच मागच्या भरलेल्या पट्ट्यावर पसरायची. मातीबरोबर मुळांचे तुकडे, बिया, किड्यांची अंडी, बुरशी असे सगळे बिऱ्हाड हलते. त्यासाठी खाणीच्या आराखड्यात मातीचे वेळापत्रक आधीपासून बसवलेले असावे लागते. आणि त्या वेळापत्रकात वाफसा, म्हणजे माती हाताळण्याजोगी सुकलेली असणे, हा शब्द असावा लागतो. ओल्या मातीला हात लावायचा नाही हे शेती करणाऱ्या प्रत्येकाला कळते. डंपरच्या पाळ्या मात्र वाफसा पाहून लागत नाहीत. ओलेपणी उचललेली, चाकांखाली मळलेली माती वाळली की विटेसारखी होते, आणि तिच्यातल्या वाटा पुन्हा उघडायला एखादी पिढी जाते. कोळसा काढायचे काम पावसात चालते तर चालू द्यावे. माती हलवायचे काम त्या दिवसांत कायद्याने बंद असावे.

घट्टपणाचा हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नियम मोडल्यामुळे जमीन बिघडली असे आपण नेहमी ऐकतो. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत ती नियम पाळूनही बिघडली. तिथे फेब्रुवारी १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळशाच्या टाकाऊ मालाचा बांध फुटला आणि १२५ माणसे गेली. उतारावर लोटून दिलेले ढिगारे, कोसळणाऱ्या दरडी, आम्लाने तांबडे झालेले ओढे यांविरुद्धचा राग वर्षानुवर्षे साचत होता. ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांच्या सहीने उघड्या खाणींसाठी संघराज्याचा कायदा झाला. त्या कायद्याचे उपकार मोठे आहेत. जमिनीला साधारण मूळचा उंचसखलपणा परत द्या, वरची माती जपा, खोदण्याआधी अनामत, म्हणजे जमीन नीट परत केल्यावरच सुटणारी हमीची रक्कम, ठेवा, हे त्याने बंधनकारक केले.

पण तपासनीसांच्या मनात धास्ती होती ती दरडीची आणि धुपीची. म्हणून कंपन्यांनी भराव बुलडोझरने पुन्हा पुन्हा चोपून गुळगुळीत केला आणि त्यावर झपाट्याने पसरणारे फेस्क्यू गवत आणि लेस्पेडेझासारखी द्विदल झाडोऱ्याची पिके पेरली. उतार पक्के झाले, हिरवे झाले, अनामत सुटली. जिथे ओक आणि ट्यूलिप पॉप्लरची दाट जंगले होती, तिथे झाडे मात्र धरेनात. रोपे गवताच्या दाटीत गुदमरत, आणि जी वाचत त्यांची मुळे चोपलेल्या थराला धडकून आडवी पसरत. शेजारीच कायद्याच्या आधीचे जुने ढिगारे होते, कुणी न चोपलेले. त्यांतल्या सैल दगडमातीत अनेक ठिकाणी चांगली उंच झाडे वाढलेली होती.

जंगलातल्या वरच्या मातीचा एक घन सेंटिमीटर वाळवून तोलला तर साधारण १ ते १.३ ग्रॅम भरतो. मातीच्या पोतानुसार फरक पडतो, पण १.६ ते १.८ च्या दरम्यान बहुतेक मुळांची वाट बंद होते. बुलडोझरच्या चार फेऱ्यांत भराव तिथवर पोहोचू शकतो. हा बिघाड वरून दिसत नाही, हीच त्यातली मोठी अडचण. धूप दिसते, दरड दिसते, तांबडे पाणी दिसते. घट्ट माती पहार मारल्याशिवाय कळत नाही.

२००४ मध्ये अ‍ॅपलेशियातली सरकारी कार्यालये, विद्यापीठे आणि काही खाणवाले एकत्र आले आणि त्यांनी झाडांसाठी वेगळी पद्धत मांडली: मुळांसाठी निदान ४ फूट सैल आणि योग्य माल, सपाटीकरण शक्य तितके कमी, झाडांशी भांडणार नाही असे विरळ आच्छादन, लवकर येणारी आणि दीर्घकाळ टिकणारी अशी दोन्ही झाडे, आणि लागवड नीट हाताने. यात बुलडोझर कमी चालतो, म्हणजे इंधनही वाचते. म्हणजे सत्तावीस वर्षे जास्त खर्च करून जमीन जास्त बिघडवली जात होती. नियम करणाऱ्यांना मातीविषयी एक प्रश्न कमी पडला, त्याची ही किंमत. मला या उदाहरणात कुणाला दोषी ठरवण्यात रस नाही. त्या लोकांनी दरडीखाली गाव जाऊ नये म्हणून जमीन चोपली होती. पण आज जे देश आपले नियम नव्याने लिहीत आहेत, त्यांनी ही चूक पुन्हा पहिल्यापासून करायची गरज नाही.

सपाट शेतजमिनीतही हाच धडा मिळाला. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याच्या मक्याच्या पट्ट्यात खाणीनंतर माती परत पसरली तेव्हा, स्क्रेपर यंत्रांनी थरावर थर दाबत पसरलेल्या जमिनीत कोरड्या वर्षी मका कोलमडला. डंपरने आणून कडेवरून ओतलेल्या, यंत्रे कमीत कमी फिरलेल्या जमिनीत तो तग धरून राहिला. माती तीच, फक्त चाके कुठून गेली एवढाच फरक. त्या देशात उत्तम शेतजमिनीसाठी वेगळे कलम आहे: थर वेगवेगळे काढा, त्याच क्रमाने परत ठेवा, आणि किमान ३ पीकवर्षांचे उत्पादन जवळच्या न खोदलेल्या जमिनीच्या बरोबरीचे आल्याशिवाय पूर्ण अनामत मिळणार नाही. मला हे कलम सगळ्या कायद्यातले सर्वांत प्रामाणिक वाटते. इथे हिरवा रंग कुणी विचारत नाही, जमिनीने पूर्वीइतके दिले का हे विचारले जाते.

आम्लाविषयीही बोलावे लागेल, कारण तिथे चूक झाली तर ती आपल्या हयातीत निस्तरत नाही. कोळशालगतच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे संयुग असते. हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल बनते, काही जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वेगात नेतात, आणि विरघळलेले लोह पाण्यात उतरते. साधे गणित आहे: ज्या दगडात १ टक्का पायराइटचे गंधक आहे, त्याच्या दर १००० टनांतले आम्ल मारायला सुमारे ३१ टन चुनखडी लागते. म्हणून खोदण्याआधीच थराथराचे नमुने तपासून कोणता खडक खोल पुरायचा आणि कोणता वर ठेवायचा हे ठरवता येते. जिथे ठरवले गेले नाही तिथे काय होते ते जर्मनीच्या लाउझिट्स भागात दिसते. तिथे लिग्नाइट काढताना भूजल उपसून खाली नेले होते. खाणी थांबल्या, पाणी पुन्हा वर चढले आणि उलथापालथ झालेल्या वाळूतून लोह आणि सल्फेट घेऊन बाहेर आले. श्प्रे नदीचे पाणी काही भागात तपकिरी वाहू लागले. खड्ड्यांत भरलेल्या तळ्यांचे आम्ल मारायला नौकांमधून चुना टाकावा लागतो. आणि ही जमीन वरूनही भरवशाची नसते. १८ जुलै २००९ रोजी जर्मनीतच नाख्टरश्टेट इथे, पाणी भरत असलेल्या जुन्या खाणीचा काठ घरांसह तळ्यात कोसळला आणि ३ माणसे गेली. ती खाण बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती.

त्याच देशाच्या पश्चिमेला, ऱ्हाइनलँडमध्ये, वेगळे चित्र आहे. तिथे कोळशावर लोएसचे, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या सुपीक मातीचे जाड थर आहेत. ते वेगळे काढून वर परत टाकतात, कमी दाबाच्या यंत्रांनी हलक्या हाताने पसरतात, आणि पहिली काही वर्षे खाणकंपनी स्वतःच ती जमीन कसते. आधी सुमारे ३ वर्षे लसूणघास. त्याची मुळे खोल जातात, नत्र धरतात, मातीला रवाळपणा आणतात. मग धान्य. साधारण ७ वर्षांनी शेतकऱ्यांच्या ताब्यात. असा लोएस प्रत्येकाच्या नशिबी नसतो, त्यामुळे तिथली पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते: जमीन आजारी असतानाची वर्षे ज्याने खोदली त्याने सोसली. नाहीतर ती वर्षे जमीन परत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी येतात, तो खत ओततो, कर्ज काढतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की माणसाने एवढी ढवळाढवळ करूच नये, निसर्ग आपले पाहून घेईल. चेक प्रजासत्ताकात सोकोलोव भागातल्या ढिगाऱ्यांवर हे पाहिले गेले आहे. लाटांसारखे उंचसखल सोडून दिलेल्या ढिगाऱ्यांवर आपसूक बर्च, वाळुंज अशी झाडे आली, दोन-तीन दशकांत पालापाचोळा साठला, त्याखाली गांडुळे आली आणि माती बनू लागली. सपाट करून लागवड केलेल्या काही जागांपेक्षा तिथे जिवांची विविधता जास्त निघाली. हा पुरावा मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे असे मी मानतो: तिथे कुणी जमीन चोपली नाही. जो माल विषारी नाही आणि घसरणार नाही, त्याचा काही भाग मुद्दाम खडबडीत सोडावा. पण तिथे माती बनू शकेल असा माल वर होता. आम्ल ओकणाऱ्या खडकावर निसर्गाला सोपवून निघून जाणे म्हणजे पळ काढणे.

दुसरा आक्षेप असा की माळरान झाले तर बिघडले काय? अमेरिकेतल्या इंडियानात खाणीनंतरच्या गवताळ पट्ट्यांवर हेन्स्लो स्पॅरोसारखा दुर्मीळ होत चाललेला माळावरचा पक्षी टिकून आहे. केंटकीत १९९७ पासून परत आणलेल्या एल्क हरणांना हीच माळराने मानवली. मला या पक्ष्यांचे आणि हरणांचे मनापासून कौतुक आहे. पण तिथले माळ ठरवून केलेले नव्हते. जंगल देणे होते, ते देता आले नाही, म्हणून माळ उरला. देणे काय होते हे आधी लिहिलेले नसेल, तर जे उरेल त्यालाच पूर्ववत म्हणायची सवय लागते. हाच प्रकार झटपट हिरवळीसाठी आणलेल्या झुडपांचा. अ‍ॅपलेशियात ऑटम ऑलिव्ह लावले, कारण ते निकस जमिनीत नत्र धरते. ते इतके माजले की आज ते उपटायला माणसे लावावी लागतात.

भारतातही शब्द चांगले उपलब्ध आहेत. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत वाढवावे आणि जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीला योग्य अशा स्थितीत आणावी, अशी अट खाणपट्ट्यांत घालायला सरकारला सांगितले. यातला ‘वाढीला योग्य स्थिती’ हा भाग मला कळीचा वाटतो. गवत पेरणे सोपे आहे. जमीन वाढीला योग्य करणे हे मातीचे काम आहे, आणि अटीचे पालन झाले की नाही हे पाहायला जाणाऱ्याने गवताखालीही पाहायला हवे.

आता पैशांचे. अनामत ही या सगळ्याची किल्ली आहे, पण ती मातीच्या वेळेने सोडली जात नाही. अमेरिकन नियमांत खड्डा भरून उतार दिला की ६० टक्क्यांपर्यंत अनामत सुटू शकते, म्हणजे माती पसरायच्याही आधी. हिरवळीची जबाबदारी शेवटच्या पेरणी-खतांनंतर ५ वर्षे, आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तर १० वर्षे. खताचा जोर ओसरायला, टाकलेला चुना संपायला, झाडाचे मूळ घट्ट थराला टेकायला ५ वर्षे पुरत नाहीत. बिघाड जेव्हा बाहेर पडायचा तेव्हा जबाबदार माणूस जागेवर नसतो.

कधीकधी अनामतच नसते. आमची पत हीच हमी, असे मोठ्या कंपन्यांनी सांगितले आणि काही राज्यांनी मानले. ऑगस्ट २०१५ ते एप्रिल २०१६ या काळात अल्फा, आर्च आणि पीबॉडी या अमेरिकेतल्या अग्रगण्य कोळसा कंपन्यांनी एकामागून एक दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. स्कॉटलंडमध्ये २०१३ साली उघड्या खाणी चालवणाऱ्या कंपन्या बुडाल्या तेव्हा ठेवलेली हमी कामाच्या खर्चाला पुरली नाही आणि खड्डे तसेच राहिले. वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळची फोस-इ-फ्रान खाण २०२३ च्या नोव्हेंबरात थांबली, तेव्हाही राखून ठेवलेला निधी ठरलेल्या कामाच्या आसपास नव्हता. गावकऱ्यांसमोर खड्ड्यात पाणी चढत राहिले. कोळशाचा धंदा जगभर उतरणीला लागेल तशी ही यादी वाढणार. शेवटच्या वर्षी पैसे मागायला गेलात तर द्यायला कुणी नसते. म्हणून दर टनामागे माती-निधी रोजच्या रोज वेगळ्या खात्यात पडावा, आणि त्यातला मोठा हिस्सा मातीची परीक्षा पार पडेपर्यंत अडकून राहावा.

ती परीक्षा कशी असावी? खोदण्याआधी जागोजागी दीड मीटर खोल खड्डे घेऊन थरांची नोंद करावी, नमुने जपावेत. नंतर त्याच खोलीपर्यंत घनता मोजावी, तासाला किती पाणी मुरते ते पाहावे, मुळे कुठवर गेली ते उकरून पाहावे, गांडुळे मोजावीत. सेंद्रिय कर्बाच्या आकड्यापासून इथे सावध राहावे लागते: मातीत मिसळलेली कोळशाची भुकटी साध्या चाचणीत सेंद्रिय कर्ब म्हणूनच मोजली जाते आणि निर्जीव माती कागदावर सुपीक ठरते. निदान एक कोरडे वर्ष या परीक्षेत आलेच पाहिजे, कारण ओल्या वर्षी वाईट जमीनही निभावून नेते. आणि मोजणी होताना ज्यांना ती जमीन कसायची आहे ते लोक तिथे उभे असावेत. त्यांना खड्डा कुठे घ्यायचा हे सांगण्याचा अधिकार असावा. नाहीतर खड्डा नेहमी चांगल्या जागीच निघतो.

जिथे ‘पूर्ववत’ असा शिक्का बसून गेला आहे तिथले काय? केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियात आता जुन्या, पूर्ववत ठरलेल्या माळांवर मोठे बुलडोझर परत नेतात. मागे मीटरभर लांबीचे पोलादी दात लावून जमीन आडवीउभी फाडतात. खालचे दगड वर येतात, बसवलेले गवत उखडते, दोन वर्षे ती जागा खाण नुकतीच संपल्यासारखी ओबडधोबड दिसते. मग त्या भेगांमध्ये ओकची, पाइनची आणि एका रोगाने जंगलातून जवळजवळ नाहीशा झालेल्या अमेरिकन चेस्टनटची रोपे लावतात. यातली बरीचशी लागवड देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या हातांनी चालते. कोळसा विकून मिळालेला पैसा तेव्हा दूर कुठेतरी पोहोचलेला असतो, आणि अनामत केव्हाच परत गेलेली असते.